फिलाडेल्फियाचा सावकार : स्टीफन जिरार्ड

धन मिळविणारे पुष्कळ, मिळविलेले धन राखणारे थोडे आणि राखलेले धन सत्कारणी लावणारे त्याहूनही थोडे. आपल्या मराठी शाळांपैकी कितीतरी शाळा अशाच थोड्या लोकांच्या औदार्यावर उभ्या राहिल्या. दारातून आत जाताना देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आपल्याला दिसते. परंतु त्या नावामागचा माणूस कसा होता, त्याने पैसा कसा जोडला, तो कोणासाठी दिला आणि देताना कोणाला वगळले, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून यंदाच्या वार्षिकासाठी चरित्रनायक निवडताना आम्ही दूरदेशीच्या एका सावकाराकडे वळलो आहोत. त्याचे दान अफाट होते आणि त्या दानाभोवती त्याने घातलेले कुंपणही तितकेच भक्कम होते. त्याच्या मागे ही दोन्ही शंभराहून अधिक वर्षे टिकली. म्हणूनच त्याचे चरित्र बोधप्रद आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात डेलावेअर नदीच्या काठी फिलाडेल्फिया हे शहर वसलेले आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली याच शहरात संमत झाला आणि १७९० पासून १८०० पर्यंत त्या राष्ट्राची राजधानीही येथेच होती. त्या काळी हे मुख्यतः व्यापारी बंदर होते. पुढे एकोणिसाव्या शतकात राज्यातील डोंगराळ मुलखातून दगडी कोळसा येऊ लागला आणि कापडाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने, आगगाडीची इंजिने व जहाजे बांधणारे कारखाने यांनी हे शहर गजबजून गेले. बंदराच्या युगात संपत्ती जोडून ती कारखान्यांच्या युगातील पोरक्या मुलांसाठी ठेवून जाणारा पुरुष म्हणजे स्टीफन जिरार्ड.

जिरार्ड जन्माने फ्रेंच. फ्रान्समधील बोर्दो बंदराच्या शार्त्रों नावाच्या भागात २० मे १७५० रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव एत्येन. अमेरिकेत गेल्यावर त्याचे स्टीफन झाले. वडील दर्यावर्दी व व्यापारी होते आणि भावंडांत हा सर्वांत मोठा. उजव्या डोळ्याने त्याला लहानपणापासूनच दिसत नसे. तो बारा वर्षांचा असताना आई वारली. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी, १७६४ साली, गलबतावरील पोऱ्या म्हणून त्याने घर सोडले. परंतु समुद्र हीच त्याची शाळा झाली. नौकानयनाचे गणित, माल पारखण्याची नजर, निरनिराळ्या बंदरांतील भाव आणि माणसांचे स्वभाव हे सारे तो त्या शाळेत शिकला. तेविसाव्या वर्षी त्याला कप्तानाचा परवाना मिळाला. विद्यार्थी मित्रहो, एका डोळ्याने अधू असलेला, आईवाचून वाढलेला आणि शाळेला मुकलेला हा मुलगा होता. पुढे त्याने अनाथ मुलांसाठी जे केले, त्याचे बीज याच बालपणात रुजले असावे, असे आम्हांस वाटते.

१७७४ साली उधारीवर माल घेऊन तो वेस्ट इंडीजमधील सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत गेला. त्या मालाच्या विक्रीत त्यास खोट आली. देणे डोक्यावर घेऊन बोर्दोला परतण्यापेक्षा नशीब दुसरीकडे काढावे असे ठरवून त्याने न्यूयॉर्क गाठले व तेथील एका व्यापाऱ्याच्या गलबतांवर नोकरी धरली. १७७६ च्या उन्हाळ्याच्या तोंडी तो न्यूयॉर्ककडे परतत असता दाट धुके पडले होते आणि किनाऱ्याजवळ इंग्रजांच्या युद्धनौका घिरट्या घालीत होत्या. जीव व माल वाचविण्यासाठी त्याने गलबत डेलावेअरच्या खाडीत घातले आणि तो फिलाडेल्फियास येऊन पोहोचला. आला तो आलाच! उरलेली पंचावन्न वर्षे ते शहर हेच त्याचे घर झाले. १७७८ साली त्याने पेन्सिल्व्हेनियाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली.

संसारसुख मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. १७७७ साली जहाजे बांधणाऱ्या एका कारागिराच्या मेरी लम नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. आठ वर्षांनी तिच्या मनाचा तोल ढळू लागला. नाना उपाय झाले, परंतु गुण आला नाही. अखेरीस १७९० साली तिला पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये ठेवावे लागले आणि १८१५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ती तेथेच राहिली. रुग्णालयातच तिला एक कन्या झाली, तीही काही महिन्यांतच गेली. घरी परतल्यावर वाट पाहणारे कोणी नाही आणि मागे वंशही नाही, अशी स्थिती ज्याची झाली तो मनुष्य कामात बुडून जातो, तसेच जिरार्डचे झाले. सूर्योदयापूर्वी उठावे, धक्क्यावर जावे, हिशेबाच्या वह्या स्वतः तपासाव्यात आणि रात्री उशिरापर्यंत पत्रे लिहावीत, हा त्याचा परिपाठ होता. साधे कपडे, साधे जेवण आणि तुटक बोलणे यांमुळे शहरातील लोक त्यास कंजूष व माणूसघाणा समजत असत. हा समज १७९३ साली पार बदलला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सां-दोमिंग येथील बंडाळीमुळे परागंदा झालेल्या लोकांची गलबते फिलाडेल्फियास आली आणि ऑगस्ट महिन्यात धक्क्याजवळच्या वस्तीत पीतज्वराची साथ सुरू झाली. रोग्याचे अंग पिवळे पडे, काळी वांती होई आणि थोड्याच दिवसांत प्राण जात. हा रोग डासांमुळे पसरतो, अशी कल्पना क्यूबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडली आणि १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ती सिद्ध केली. १७९३ साली हे कोणास ठाऊक असणार! कोणी दूषित हवेला दोष देई, कोणी धक्क्यावर कुजलेल्या कॉफीच्या पोत्यांना. शहर व उपनगरे मिळून वस्ती सुमारे पन्नास हजारांची. त्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे नोव्हेंबरपर्यंत दगावली. सधन कुटुंबे गाव सोडून गेली. राजधानी असूनही राष्ट्राचे सरकार जवळजवळ ठप्प झाले. नवरा बायकोला आणि मुलगा बापाला टाकून पळाल्याच्या हकिकती त्या काळच्या लेखांत आढळतात.

महापौर मॅथ्यू क्लार्कसन मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी नागरिकांची एक समिती नेमली. गावाबाहेर बुश हिल नावाचा एका श्रीमंताचा वाडा होता, तो ताब्यात घेऊन तेथे रोग्यांना हलविण्यात आले. परंतु तेथे ना व्यवस्था ना स्वच्छता. मेलेल्यांच्या शेजारी जिवंत रोगी पडून असत आणि तेथे जाणे म्हणजे स्मशानात जाणे, असे लोक मानू लागले होते. समितीच्या सभेत या दवाखान्याचा कारभार पाहण्यास दोन गृहस्थ आपण होऊन उभे राहिले. एक पीटर हेल्म नावाचा पिंप बनविणारा कारागीर आणि दुसरा स्टीफन जिरार्ड. त्या वेळी जिरार्डचे वय त्रेचाळीस होते, व्यापार भरभराटीस आला होता आणि गाव सोडून जाण्याची ऐपत त्याच्याइतकी थोड्यांचीच होती.

हेल्मने बाहेरची व्यवस्था पत्करली. जिरार्डने आतली, म्हणजे प्रत्यक्ष रोग्यांमधली. सुमारे दोन महिने तो रोज तेथे जात राहिला. खोल्या धुऊन घेणे, रोगाच्या पायरीप्रमाणे रोग्यांना वेगळे ठेवणे, खाटा, कपडे व अन्न पुरविणे, परिचारिका नेमणे ही कामे त्याने जातीने केली. रोग्यांना हाताने औषध पाजले, त्यांची अंगे पुसली. औषधोपचाराची जबाबदारी त्याच्या आग्रहाने सां-दोमिंगहून आलेल्या डॉ. देवेझ या फ्रेंच वैद्याकडे आली. शहरातील नामांकित डॉ. बेंजामिन रश हे भरमसाट रक्त काढण्याचे व पाऱ्याचे जालीम रेच देण्याचे पुरस्कर्ते होते. देवेझ यांचा भर विश्रांती, स्वच्छता आणि सौम्य औषधे यांवर होता. बुश हिलवर माणसे तरीही मरत होतीच, परंतु तेथे माणसासारखी वागणूक मिळू लागली आणि जिवंत घरी परतणारेही दिसू लागले. पुढे १७९७ व १७९८ साली साथ पुन्हा उसळली, तेव्हाही जिरार्ड मदतीस उभा राहिला.

या साथीची हकिकत सांगताना आणखी काही माणसांचे स्मरण केलेच पाहिजे, कारण पुढील कथेशी त्यांचा निकटचा संबंध आहे. फिलाडेल्फियात त्या काळी गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे त्यांचे पुढारी. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी चुकीची समजूत तेव्हा प्रचलित होती, आणि तिच्या भरवशावर डॉ. रश यांनी त्यांस शुश्रूषेसाठी साद घातली. जोन्स, ॲलन आणि त्यांचे बांधव घरोघर गेले. ज्यांच्या सग्यासोयऱ्यांनी त्यांना टाकले होते अशा गोऱ्या रोग्यांना त्यांनी पाणी पाजले, त्यांची प्रेते उचलली, त्यांचे दफन केले. ताप त्यांनाही झाला आणि त्यांतील अनेक जण मरण पावले. साथ ओसरताच मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने तिचा वृत्तांत छापला. त्यात जिरार्ड व हेल्म यांची मुक्तकंठाने प्रशंसा होती, आणि काही कृष्णवर्णीय शुश्रूषकांनी अडल्यानडल्यांकडून अवाच्या सवा पैसे उकळले असा आरोपही होता. १७९४ साली जोन्स व ॲलन यांनी जमाखर्चासह उत्तर छापून तो आरोप खोडून काढला. एकाच संकटात, एकाच शहरात, एकच सेवा दोघांनी केली. एकाच्या वाट्याला कीर्ती आली आणि दुसऱ्याला आपले सत्त्व सिद्ध करावे लागले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

साथीनंतरच्या वीस वर्षांत जिरार्डचा व्यापार जगभर पसरला. आपल्या उत्तम गलबतांना त्याने व्होल्टेअर, रूसो, माँतेस्क्यू व हेल्वेशस या फ्रेंच विचारवंतांची नावे दिली होती. शाळा फारशी न पाहिलेल्या या कप्तानाची विद्येवरची भक्ती अशी प्रकट होई. ही गलबते युरोपात धान्य, साखर व कॉफी नेत आणि चीनहून चहा व रेशीम आणीत. परंतु चरित्र लिहायचे तर उजेडाबरोबर छायाही दाखविली पाहिजे. ती साखर व कॉफी ज्या मळ्यांत पिके तेथे गुलाम राबत. तुर्कस्तानातील अफू खरेदी करून ती चीनला पाठविण्याचा धंदाही त्याने केला. लुइझियाना प्रांतात त्याची जमीन होती, तिच्यावर गुलाम होते. विचारस्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यांची नावे गलबतांवर आणि गुलामांच्या श्रमाचा माल गलबतांच्या पोटात, ही विसंगती त्या युगातील अनेक सद्गृहस्थांप्रमाणे त्यालाही खुपली नाही.

आता त्याच्या पेढीकडे वळू. राष्ट्राची पहिली मध्यवर्ती पेढी, बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स, १७९१ साली वीस वर्षांच्या सनदेवर निघाली होती. जिरार्डची मोठी रक्कम लंडनच्या बेअरिंग बंधूंच्या पेढीकडे होती. युरोपात नेपोलियनची युद्धे चाललेली. अशा वेळी ती रक्कम तेथे ठेवणे त्यास धोक्याचे वाटले आणि तिच्यातून त्याने या बँकेचे भाग विकत घेतले. १८११ साली प्रतिनिधिगृहाने सनद वाढवून देण्याचे नाकारले आणि बँक मोडीत निघाली. तेव्हा जिरार्डने तिची थर्ड स्ट्रीटवरील संगमरवरी खांबांची इमारत विकत घेतली आणि मे १८१२ मध्ये बारा लाख डॉलरच्या भांडवलावर स्वतःची पेढी थाटली. जुन्या बँकेचे खजिनदार जॉर्ज सिम्पसन यांसच त्याने आपल्याकडे ठेवले. सनदेवाचून पेढी चालविण्यास मंडळ्यांना कायद्याची बंदी होती, एकट्या व्यक्तीला नव्हती. म्हणून या पेढीत भागीदार कोणी नाही. शहरातील इतर बँका प्रथम तिच्या नोटा स्वीकारीनात. परंतु नोट घेऊन येणाऱ्यास रोख मोजून मिळते अशी खात्री पटताच तिचा जम बसला. आपल्याकडे नामांकित सराफाची हुंडी जशी त्याच्या नुसत्या नावावर चालत असे, तसाच हा प्रकार होता.

पेढी उघडून महिना झाला न झाला तोच इंग्लंडशी युद्ध जुंपले. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला. सरकारने एक कोटी साठ लाख डॉलरचे कर्ज काढले, परंतु निम्म्याहून अधिक रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा जिरार्ड व डेव्हिड पॅरिश यांनी मिळून मोठा भाग उचलला आणि न्यूयॉर्कच्या जॉन जेकब ॲस्टर यानेही भर घातली. शंभराचा रोखा त्यांस अठ्ठ्याऐंशीस मिळाला; म्हणजे व्यवहार आतबट्ट्याचा नव्हता. तथापि सरकार हरले असते तर त्या रोख्यांची किंमत काय राहिली असती, हे जिरार्ड चांगले जाणून होता. त्याच वर्षी चीनहून परतणारे त्याचे माँतेस्क्यू हे गलबत डेलावेअरच्या मुखाशी इंग्रजांनी पकडले आणि एक लाख ऐंशी हजार डॉलर रोख मोजून त्याने ते सोडवून आणले. पुढे १८१६ साली राष्ट्राची दुसरी बँक स्थापन करताना सुमारे तीस लाखांचे भाग शिल्लक राहिले, तेही त्याने एकट्याने घेतले.

असा हा कोट्यधीश वॉटर स्ट्रीटवरील आपल्या जुन्या घरात, धक्क्याच्या कोलाहलात राहत असे. शहराच्या दक्षिणेस त्याची शेतवाडी होती. तेथे तो रोज जाई आणि फळझाडांची छाटणी व भाजीपाल्याची निगा स्वतः करी. वयाच्या ऐंशीव्या वर्षी रस्ता ओलांडताना एका गाडीचे चाक त्याच्या चेहऱ्यावरून गेले व एक कान दुखावला, तरी बरा होताच तो पुन्हा कामाला लागला. याच सुमारास, १८३० साली, त्याने पेन्सिल्व्हेनियातील कोळशाच्या मुलखात हजारो एकर जमीन लिलावात विकत घेतली. फळ आपल्या हयातीत मिळणार नाही, हे ऐंशी वर्षांच्या माणसाला कळत नसेल काय? परंतु आपल्या पश्चात काय करावयाचे, हे त्याने तोवर ठरविले होते.

२६ डिसेंबर १८३१ रोजी जिरार्ड मरण पावला. मृत्युपत्र उघडले गेले तेव्हा सारे शहर थक्क झाले. सुमारे सत्तर लाख डॉलरची ही संपत्ती त्या काळच्या अमेरिकेतील सर्वांत मोठी मानली जाई. आप्तांना व नोकरांना त्याने बेताच्या रकमा ठेवल्या होत्या. रुग्णालय, मूकबधिरांची संस्था, अनाथालय, शहरातील शाळा, गरिबांना हिवाळ्यात जळण पुरविण्याचा निधी, अडचणीत आलेल्या कप्तानांची मदतमंडळी या सर्वांची त्याने आठवण ठेवली होती. नदीकाठचे रस्ते सुधारण्यास शहराला पाच लाख आणि कालव्यांसाठी राज्याला तीन लाख ठेवले होते. आणि उरलेला मुख्य ठेवा, ज्यातून वीस लाख डॉलर आरंभीच खर्चावयाचे होते, तो पितृहीन गरीब मुलांच्या निवासी शाळेसाठी होता. शहराने विश्वस्त म्हणून ती चालवावयाची होती.

या शाळेचा आराखडा त्याने स्वतः बारकाईने लिहून ठेवला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्रवेश द्यावा. लेखन-वाचन, व्याकरण, गणित, भूगोल, नौकानयन, जमीनमोजणी, खगोल, रसायन व पदार्थविज्ञान, तसेच फ्रेंच व स्पॅनिश भाषा शिकवाव्यात. पोकळ शब्दांपेक्षा प्रत्यक्ष वस्तूंचे ज्ञान द्यावे. मुलांचा आहार साधा पण पौष्टिक असावा. त्यांना वेगळा ओळखू येईल असा पोशाख कधीही देऊ नये. हे शेवटचे कलम वाचून आम्ही क्षणभर थबकलो. अनाथाला अन्नवस्त्र देणारे पुष्कळ भेटतात. परंतु रस्त्याने चालताना त्याच्या अंगावरील कपड्यांनी त्याचे अनाथपण जगाला ओरडून सांगू नये, एवढा विचार करणारा विरळा. प्रवेशाच्या क्रमात आधी फिलाडेल्फियाची मुले, मग राज्यातील, नंतर न्यूयॉर्कची व नंतर न्यू ऑर्लिन्सची, अशी योजना होती. कारण न्यूयॉर्क हे त्याने गाठलेले या देशातील पहिले बंदर आणि न्यू ऑर्लिन्स हे जेथे त्याने प्रथम व्यापार केला ते बंदर. कोणत्याही पंथाच्या धर्मगुरूने या शाळेत अधिकारपद घेऊ नये, आवारात पाऊलही टाकू नये, असेही कलम होते. नीती शिकवावी, पंथाची निवड मुलांनी मोठेपणी आपल्या बुद्धीने करावी, असा त्यामागील हेतू होता.

या कलमावरून मोठे रण माजले. वारसांनी दावा लावला आणि प्रख्यात वक्ते डॅनियल वेब्स्टर यांस आपले वकील केले. धर्माला दार बंद करणारे दान हे धर्मादाय होऊच शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शहराच्या बाजूने होरेस बिनी उभे राहिले. १८४४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मृत्युपत्र वैध ठरविले. धर्मगुरू नसलेला शिक्षकही नीती शिकवू शकतो, हे न्यायमूर्ती स्टोरी यांनी मान्य केले. इकडे टॉमस वॉल्टर या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली पंचेचाळीस एकरांच्या जागेत ग्रीक मंदिरासारखी भव्य इमारत उठत होती. याच वॉल्टरने पुढे वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलचा घुमट रचला. १ जानेवारी १८४८ रोजी जिरार्ड कॉलेज या नावाने शाळा उघडली. १८५१ साली जिरार्डच्या अस्थी तेथील मुख्य इमारतीत आणून ठेवण्यात आल्या. आवाराभोवती मृत्युपत्रातील आज्ञेप्रमाणे दहा फूट उंचीची दगडी भिंत बांधली गेली.

लिलावात घेतलेल्या जमिनींतून कोळसा निघू लागला. त्या कोळशावर गिरण्या व भट्ट्या चालल्या आणि त्याचे उत्पन्न शाळेच्या खजिन्यात पडत राहिले. गिरणीत, खाणीत वा आगगाडीवर काम करताना बाप दगावला, आणि विधवा आईने मुलाला जिरार्डच्या शाळेत आणून घातले, असे त्या उद्योगनगरीत नित्य घडे. हजारो मुले त्या भिंतीच्या आत खाऊन-पिऊन, शिकून, हाती कसब घेऊन बाहेर पडली. हे पुण्य लहान नव्हे.

परंतु मृत्युपत्रात आणखी एक शब्द होता. प्रवेश पितृहीन, गरीब आणि गोऱ्या मुलांना, असे जिरार्डने लिहिले होते. आपल्या घरातील हॅना नावाच्या गुलाम स्त्रीला त्याने त्याच कागदाने मुक्त केले व तिला वर्षाला दोनशे डॉलरची नेमणूक करून दिली. परंतु लुइझियानातील गुलामांची वाटणी जमिनीबरोबर मालमत्तेसारखीच केली. तापाच्या साथीत ज्या समाजाने गोऱ्यांची प्रेते उचलली, त्या समाजाच्या पोरक्या मुलांना त्याच्या शाळेचे दार बंद राहिले. जिरार्डने बुश हिलवर रोग्यांमध्ये भेद केला नव्हता. मग अडतीस वर्षांनी मुलांमध्ये तो का केला? त्या काळची रीतच तशी होती, असे उत्तर देता येईल, आणि ते खोटेही नाही. परंतु धर्मगुरूंच्या बाबतीत काळाच्या रीतीविरुद्ध जाण्यास तो कचरला नव्हता. तेव्हा रीत मोडण्याचे धैर्य त्याच्या अंगी होते, ते येथे त्याने वापरले नाही, एवढेच म्हणावे लागते.

विसाव्या शतकात शाळेच्या सभोवतीची वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची झाली. भिंतीबाहेरच्या गल्लीत बापावेगळी मुले खेळत आणि आतल्या शाळेत त्यांना मज्जाव! १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. त्याच वर्षी काही कृष्णवर्णीय मुलांचे अर्ज जिरार्ड कॉलेजने फेटाळले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली निकाल लागला : शाळेचे विश्वस्तमंडळ शहराचे, म्हणजे सरकारचे अंग आहे, त्याला भेद करता येणार नाही. यावर पेन्सिल्व्हेनियाच्या न्यायालयाने तोड काढली. शहराचे विश्वस्त काढून खाजगी विश्वस्त नेमले, आणि दार पुन्हा बंद झाले.

तेव्हा लोक रस्त्यावर आले. १ मे १९६५ रोजी सेसिल मूर या वकिलांच्या नेतृत्वाखाली निदर्शकांनी त्या भिंतीभोवती फेऱ्या घालण्यास आरंभ केला. उन्हाळा गेला, हिवाळा आला, पोलिसांचा पहारा बसला, तरी सात महिने सतरा दिवस ही प्रदक्षिणा चालू राहिली. तिच्यात शाळकरी वयाची मुलेमुलीही होती. ऑगस्ट महिन्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तेथे येऊन बोलून गेले. रस्त्यावरच्या चळवळीला न्यायालयातील लढ्याची जोड मिळाली. अखेर १९६८ साली न्यायालयांनी खाजगी विश्वस्तांची ती तोडही रद्द ठरविली आणि ११ सप्टेंबर १९६८ रोजी चार कृष्णवर्णीय मुलांनी जिरार्ड कॉलेजच्या दारातून आत पाऊल टाकले. शाळा उघडल्यापासून या दिवसापर्यंत एकशे वीस वर्षे लोटली होती. १९८४ साली मुलींनाही प्रवेश मिळू लागला. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांच्या निवासाचा व शिक्षणाचा खर्च अजूनही त्या सावकाराच्या ठेव्याच्या उत्पन्नातून बव्हंशी चालतो.

आता जिरार्डला काय म्हणावे? त्याला केवळ देवमाणूस ठरविणे हा हॅनाच्या आणि लुइझियानातील गुलामांच्या बाबतीत अन्याय होईल. त्याला केवळ वर्णाभिमानी सावकार म्हणणे हा बुश हिलवरील रोग्यांच्या आणि हजारो पोरक्या मुलांच्या बाबतीत कृतघ्नपणा होईल. ज्या हातांनी त्याने रोग्याला औषध पाजले त्याच हातांनी त्याने तो एक शब्द लिहिला. दाता आपल्या काळाच्या भिंतीत उभा राहून देतो. त्याची नजर तेवढ्यापुरतीच पोहोचते. भिंतीपलीकडचे पाहण्याचे काम मागून येणाऱ्यांवर पडते. फिलाडेल्फियात ते काम करणाऱ्यांनी जिरार्डची शाळा मोडा असे म्हटले नाही. ती आम्हांलाही द्या, एवढेच त्यांनी मागितले. आपल्याकडेही दानातून बांधलेल्या विहिरी व धर्मशाळा होत्या, ज्यांच्या पायरीवर काही माणसांना उभे राहण्याची मुभा नव्हती. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा आहे असे आपण समजू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे पेढीवर बसेल, कोणी कारखाना काढील आणि कोणी शाळेला देणगीही देईल. त्या वेळी जिरार्डची शिस्त, त्याची दूरदृष्टी, साथीच्या दिवसांतील त्याचे धैर्य आणि पोरक्या मुलाच्या कपड्यांविषयी त्याने दाखविलेली नाजूक जाणीव आठवा. आणि कागदावर सही करण्यापूर्वी तो पुन्हा एकदा वाचून पाहा, की एखाद्या शब्दाने आपण कोणा मुलाला दाराबाहेर तर ठेवीत नाही ना.